ताटातले मीठ आणि मेंदूतली शीर

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेतील वॉर्म स्प्रिंग्ज या गावी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट खुर्चीत बसले होते. समोर एक चित्रकर्ती त्यांचे चित्र रंगवीत होती. डोक्यात मागल्या बाजूला भयंकर कळ येते आहे, एवढे म्हणून त्यांनी मान टाकली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तो ३००/१९०! दुपारी साडेतीनच्या सुमारास सारे आटोपले. वय अवघे ६३. जगाला हा वज्राघात वाटला. पण सिगारेट आणि मीठ कमी करा, असे डॉक्टरांनी त्यांना वर्षभर आधीच बजावले होते. दाब आटोक्यात आणणारी आजच्यासारखी औषधे मात्र त्या काळी नव्हती.

आज ती आहेत, आणि स्वस्तही आहेत. तरी आमच्या काकांनी ती कधी नेमाने घेतली नाहीत. “मला काही होत नाही, मग गोळी कशाला?” होत नाही, हेच तर या दुखण्याचे कपट! वाढलेला दाब वर्षानुवर्षे शिरांच्या भिंती कमकुवत करीत राहतो. मग एके दिवशी शीर फुटते, नाही तर गुठळी अडकून मेंदूचा एखादा भाग रक्तावाचून मरतो.

आता आपले ताट पाहा. पान वाढताना पहिला मान मिठाचा! ते चिमूटभर मीठ बिचारे फारसे दोषी नाही. खरा चोर लोणच्यात, पापडात, बेकरीच्या पावात आणि (दिवाळीत हे लिहिल्याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी) चिवड्या-शेवेत दडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे; म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाचेक वर्षे एक प्रयोग चालला. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले. २०२१ साली निकाल आला : या दुसऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी! मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी मात्र असले मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विडी-सिगारेटबद्दल काय सांगावे? ती शिरा अरुंद करते आणि रक्त गोठण्यास मदत करते. रोज अर्धा तास भरभर चालणे याच्या नेमके उलट काम करते, तेही फुकट.

काकांच्या हातून सकाळी सातला चहाचा कप निसटला. तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. “अंगावरून वारं गेलं,” असे म्हणत घरच्यांनी तेल चोळले. रुग्णालयात पोचेतो दुपारचे दोन वाजले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन करूनच देता येते, हे तिथे कळले.

काका आता डाव्या हाताने सही करतात. लोणच्याची बरणी काकूंनी माळ्यावर टाकली आहे; पण पानावर बसले की काकांची नजर अजून ताटाच्या डाव्या बाजूला जाते.