आगोट आणि सेयल मानी

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्यात पोचली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच स्टेशनच्या पूर्वेला कोपरी. खाडीकाठचं जुनं कोळी-आगरी गाव आणि फाळणीनंतर वसलेली सिंधी वसाहत इथे एकमेकांना खेटून आहेत. दोन्हीकडच्या आज्यांनी सुनांच्या हाती काटकसर दिली, पण ती आली निरनिराळ्या वाटांनी.

खाडीकाठी ती पावसाने शिकवली. पाऊस लागायच्या आत आगोट भरायची: तांदूळ, मीठ, चिंच, कांदे, वर्षाचा मसाला, सरपण आणि सुकी मासळी. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते. आगोटीची शिस्त त्याहून कितीतरी जुनी. सुका जवळा आधी तव्यावर कोरडाच भाजतात, हाताने चोळून सुपात पाखडतात, मिश्या आणि कचरा उडाला की पाण्यातून काढतात. मग कांदा, लसूण, मसाला, वांग्याच्या फोडी, असली तर कैरी. एवढ्या मूठभर जवळ्यावर घरभराचा भात जातो.

ही काटकसर खाडीच्या समृद्धीवर उभी होती. निवटे, चिंबोऱ्या, कोलंबी दाराशी मिळत, म्हणून तर सुकवायला उरत. ठाणे खाडी २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२मध्ये रामसर यादीत गेली. पक्ष्यांचं कौतुक व्हावंच. पण शहराचं सांडपाणी त्याच पाण्यात सोडायचं आणि कोळणीच्या टोपलीविषयी चकार शब्द काढायचा नाही, हा अन्याय आहे.

सिंधी घरांतली गोष्ट वेगळी; तिथे काटकसर फाळणीने शिकवली. सिंधमधून आलेल्या अनेक निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. घरदार मागे टाकून आलेल्या बायकांसोबत हातातली चव तेवढी आली. सेयल मानी हा त्या चवीचा अस्सल नमुना. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून तेलात परतायची; टोमॅटो, हळद, धनेपूड घालून तेल सुटू द्यायचं; पाणी ओतून उकळी आणायची आणि शिळ्या पोळीचे तुकडे त्यात सोडून झाकण ठेवायचं. आपली फोडणीची पोळी पाण्याच्या हबक्यावर भागते, मोकळी राहते. सेयल मानी रस पिऊन फुगते, आणि चवीला जास्त भरीव लागते, हे मराठी माणसानेही मान्य करावं.

आज्यांखेरीज सुनांना पुस्तकांनीही शिकवलं. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ने १९१०मध्ये एक हजार पाकक्रिया छापल्या. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०मध्ये वाटी-चमच्याचं माप देऊन नवख्या सुनांना धीर दिला. हे ऋण मोठं आहे. पण शिळ्याचं माप रात्री काय उरलं त्यावर ठरतं; ते बाईला रोज नव्याने काढावं लागतं.

पोळीऐवजी पाव असला की होते सेयल डबल रोटी. तेव्हा पाणी बरंच कमी घालावं लागतं, नाहीतर लगदा होतो.