सरकवलेली पट्टी : गणित कळलं की नाही, हे कसं ओळखायचं?

(नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



तत्त्वज्ञानाच्या मास्तराला गणितावर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. प्रश्न रास्त आहे. नववीच्या सहामाहीत मला गणितात शंभरापैकी २९ गुण होते, हे आधीच सांगून टाकतो. पण ‘एखाद्याला एखादी गोष्ट कळली आहे, असं आपण कशावरून म्हणतो?’ हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला. आणि हा प्रश्न गणिताच्या तासाला जितका अडचणीत आणतो, तितका दुसरीकडे कुठं आणत नाही. निबंध पाठ करून लिहिला तर तपासणाऱ्याला वास येतो. गणितात उत्तर बरोबर आलं की सगळे गप्प. मुलाला कळलंय की नुसतं पाठ आहे, ते उत्तर बघून सांगता येत नाही.

एक साधी गोष्ट करून बघू. कंपासपेटीतली पट्टी घ्या. पेन्सिलीचं एक टोक शून्यावर ठेवा. दुसरं टोक ६ वर आलं. लांबी किती? ६ सेंटिमीटर. आता पेन्सिल थोडी सरकवा. एक टोक २ वर, दुसरं ८ वर. लांबी किती? पेन्सिल तीच आहे, वाढली नाही की झिजली नाही. पण पुष्कळ मुलं ‘८’ म्हणतात.

ही मी रचलेली गोष्ट नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना असंच मोजायला दिलं होतं. २६ राज्यांतले २८ जिल्हे होते, आणि महाराष्ट्रातून जिल्हा होता आपला नांदेड. मी सांगतोय ते आकडे सगळ्या जिल्ह्यांचे मिळून आहेत, एकट्या नांदेडचे नाहीत. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. वस्तू सरकवली, आणि हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. त्याच मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं नाही, ही बातमी सगळ्यांनी छापली. मला मात्र पट्टीचा आकडा जास्त बोलका वाटतो.

का, ते बघा. ८५ मधून ३९ गेले तर ४६ उरतात. म्हणजे शंभरातली ही साधारण ४६ मुलं काय शिकली होती? मोजायला नव्हती शिकली. ‘टोकाचा आकडा वाचायचा’ एवढं शिकली होती. पट्टी शून्यावर आहे तोवर या दोन्हींचं उत्तर एकच येतं. त्यामुळे बाईंना फरक दिसत नाही, पेपर तपासणाऱ्याला दिसत नाही आणि खुद्द मुलालाही दिसत नाही. पट्टी सरकली की दिसतो. आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा मुद्दा एवढाच आहे : आपण शाळेत पट्टी कधी सरकवतच नाही.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. प्लेटोचा ‘मेनो’ नावाचा संवाद आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्यात सॉक्रेटिस लारिसा गावच्या रस्त्याचं उदाहरण देतो. आपण ते आपल्या रस्त्यावर आणू. लातूरहून नांदेडला यायचं आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. एकाला हा रस्ता पायाखालचा आहे. दुसरा कधी आलेला नाही, पण ऐकून त्यानं हीच नावं पाठ केलीत. दोघंही नांदेडला पोचतात. मग पहिल्याचं ज्ञान आणि दुसऱ्याची बरोबर निघालेली समजूत यांत फरक तो काय? सॉक्रेटिसचं उत्तर असं की, बरोबर समजुती डीडॅलसच्या पुतळ्यांसारख्या असतात. बांधून ठेवल्या नाहीत तर पळून जातात. आणि त्यांना बांधणारं दावं म्हणजे कारण. पावसाळ्यात वाटेतला एखादा पूल बंद झाला, की दोघांतला फरक उघडा पडतो. ज्याला मुलूख माहीत आहे तो दुसऱ्या वाटेनं वळतो. पाठ केलेला तिथंच गाडी उभी करून विचारत बसतो.

याच संवादात गणिताचा एक तासही आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो. बाजू २, क्षेत्रफळ ४. आता याच्या दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा आहे, बाजू किती घेशील? मुलगा फटकन सांगतो, दुप्पट, म्हणजे ४. काढून बघितलं तर क्षेत्रफळ १६. बरं, मग ३? काढून बघितलं तर ९. पोरगा अडकला. ‘मला नाही माहीत’ म्हणाला. इथं सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, याला अडकवलं यात त्याचं काही नुकसान झालं का? मघाशी त्याला येत नव्हतं आणि येतं असं वाटत होतं. आता येत नाही, हे तरी कळलं. मग कर्ण काढून दाखवला जातो, आणि कर्णावरचा चौरस बरोबर दुप्पट निघतो. आपल्या दहावीच्या भूमितीतलं पायथागोरसचं प्रमेयच आहे हे, सगळ्यात सोप्या रूपात.

या प्रसंगावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शेवटी तो मुलगा ‘हो, हो’ एवढंच म्हणतो, सगळं सॉक्रेटिसच वदवून घेतो. आक्षेपात तथ्य आहे. पण सॉक्रेटिस स्वतःच पुढं कबूल करतो की, मुलाला आत्ता जे आलंय ते स्वप्नासारखं आहे. हेच प्रश्न त्याला पुष्कळ वेळा आणि निरनिराळ्या प्रकारांनी विचारले, तर ते पक्कं होईल. या दोन अटी लक्षात ठेवा. पुष्कळ वेळा, आणि निरनिराळ्या प्रकारांनी.

आता लातूरकडे येऊ. लातूर पॅटर्नला नावं ठेवणं पुण्या-मुंबईत फार सोपं आहे. मी ते करणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य, आणि पुढे १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव या पॅटर्नशी जोडलं जातं. मराठवाड्यातलं मूल, ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, ते गुणवत्ता यादीत येऊ शकतं, हे त्या काळात लातूरनं दाखवून दिलं. जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. सरावाला हसू नये. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. पाढा पाठ असला की डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं.

पण गावोगावच्या क्लासेसनी या पॅटर्नची नक्कल केली तेव्हा काय उचललं? सॉक्रेटिसची पहिली अट उचलली. पुष्कळ वेळा. दुसरी अट राहून गेली. एकाच साच्याची पन्नास गणितं म्हणजे पट्टी पन्नास वेळा शून्यावर ठेवणं. आणि सराव परीक्षेचा खरा प्राण असतो तपासून परत आलेल्या पेपरात, तुझं इथं चुकलं आणि या कारणानं चुकलं, या बोलण्यात. तो भाग कष्टाचा. ऐंशी मुलांच्या वर्गात तो पहिला गळतो. पेपर राहतो, बोलणं जातं.

बोर्डाचा पेपर तरी काय वेगळं करतो? दहावीला बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुण. चाळिसांतला शेवटचा, पाचवा प्रश्न ३ गुणांचा असतो, आणि पट्टी थोडीफार सरकते ती तिथं. मुलांना सल्ला काय मिळतो? ‘पाचवा सोडून दे, बाकीचं पक्कं कर.’ सल्ला व्यवहाराचा आहे, मी चूक म्हणत नाही. पण मुलानं विचार करायचा तेवढा प्रश्न सोडून द्यायचा, असा धडा आपण त्याला देतो, हे तरी आपल्याला कळायला हवं. त्यात आज आपल्याकडच्या हुशार मुलांचा मोठा ओढा नीटकडे. नीटमध्ये ७२० गुण आणि गणित विषयच नाही. म्हणजे अनेकांचं दहावीचं गणित हेच शेवटचं गणित.

हे मी इतक्या तळमळीनं का बोलतोय, तर एक घरची गोष्ट आहे. माझी धाकटी बहीण गणितात नापास झाली. बाकी सगळे विषय सुटले होते. पुन्हा बसवायचं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. मी तेव्हा बाहेरगावी शिकत होतो आणि ज्ञानमीमांसेची पुस्तकं वाचत होतो. तिचं लग्न झालं. आज ती सत्तरीकडे झुकली आहे आणि त्या घरच्या शेतीचा हिशोब चाळीसेक वर्षं तिच्याकडे आहे.

काही वर्षांपूर्वी मी तिच्यासोबत मोंढ्यात गेलो होतो. सोयाबीन ४,४०० रुपये क्विंटलनं गेलं. पुरे क्विंटल झाल्यावर वर ३७ किलो राहिले. मुनीम कॅल्क्युलेटर शोधत होता तोवर ही म्हणाली, “सोळाशे अठ्ठावीस.” मी विचारलं, “कसं काढलंस गं?” तर म्हणाली, “त्यात काय दादा, चाळीस किलोचे सतराशे साठ. तीन किलो कमी, म्हणजे एकशे बत्तीस वजा.”

श्रोतेहो, हे काय आहे? ४४ गुणिले कंसात ४० वजा ३. कंस सोडवणं. ज्या बीजगणितात बोर्डानं तिला नापास केलं, तेच बीजगणित. मी घरी आल्यावर तिला कागदावर कंस काढून दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “हे इतकंच होतं? मग तेव्हा कुणी असं का नाही सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

आता, खेड्यातल्या माणसाला उपजतच गणित येतं, असला भाबडा निष्कर्ष मी काढत नाहीये. तिला रीत येत होती, तिचं नाव माहीत नव्हतं, आणि ती रीत कोणत्याही संख्येला का चालते हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. त्या अर्थी गुणवत्ता यादीतलं पोरगं आणि माझी बहीण एकाच रस्त्यावर आहेत. एकाकडे सूत्र आहे, त्याखालची जमीन नाही. दुसरीकडे जमीन आहे, सूत्र नाही. शिकवणं म्हणजे या दोन्हींची गाठ घालून देणं. आणि तपासणं म्हणजे गाठ बसली का ते ओढून बघणं.

ओढून कसं बघायचं? यासाठी नवं पुस्तक लागत नाही. आहे तोच प्रश्न उलटा करा. ‘क्षचा वर्ग वजा ५क्ष अधिक ६ बरोबर शून्य, हे समीकरण सोडवा’, असं तुम्ही विचारताच. एकदा असं विचारा : ‘२ आणि ३ ही ज्याची मुळं आहेत, असं समीकरण तयार करा. आणखी एक करता येईल का?’ किंवा चुकीचं सोडवलेलं गणित फळ्यावर लिहा. क्षचा वर्ग बरोबर ५क्ष. दोन्ही बाजूंना क्षनं भागलं. क्ष बरोबर ५. आता विचारा, शून्य हेही उत्तर होतं, ते कुठं हरवलं? शून्यानं भागता येत नाही, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. ते इथं नकळत मोडलं गेलं, हे ज्याला दिसलं त्याला ते कळलं. आणि एक करा. ‘चूक’ म्हणून पुढच्या मुलाकडे जाऊ नका. ‘तुझं उत्तर खरं धरलं तर काय होईल, काढून बघू’, असं म्हणा. ४ म्हणालास, चल, ४ चा चौरस काढ.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक शिक्षिका) : सर, हे सगळं पटतं. पण पोर्शन कधी संपवायचा?

उत्तर : बाई, तुमची अडचण खरी आहे, आणि निवृत्त माणसानं उपदेश करणं सोपं असतं. म्हणून मी रोज करा म्हणत नाही. आठवड्यातून एक तास, एकच प्रश्न. आणि घटक चाचणी तुमच्या हातातली आहे, तिथं बोर्ड आडवं येत नाही. त्यातला एक प्रश्न सरकवलेल्या पट्टीचा ठेवा. त्याचे गुण कमी ठेवा, पण पेपर परत देताना आधी त्याच्यावर बोला. मुलं गुणांपेक्षा तुम्ही कशावर बोलता, त्यावरून काय महत्त्वाचं ते ओळखतात.

प्रश्न (एक पालक) : उत्तीर्ण व्हायला ३५ ऐवजी २० गुण पुरेत, असा प्रस्ताव मध्यंतरी होता. तुमचं मत काय?

उत्तर : २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात ती कल्पना आली होती. गणित-विज्ञानात २० ते ३५ च्या मधल्या मुलांना पुढं जाऊ द्यायचं, पण पुढं हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा द्यायचा. एका विषयापायी कुणाचं शिक्षण थांबू नये, हे मी माझ्या घरात बघितलं आहे, त्यामुळे त्या हेतूला मी विरोध करणार नाही. भीती मला शेऱ्याची वाटते. ज्या परीक्षेला पाठ केलेलं आणि कळलेलं वेगळं काढता येत नाही, तिच्या भरवशावर सोळाव्या वर्षी मुलाला ‘तुला गणित येणार नाही’ असं लिहून द्यायचं? माझ्या बहिणीलाही तसंच लिहून मिळालं होतं. ती ते खरं मानून चाळीस वर्षं जगली, आणि रोज गणित करत राहिली.