वेसण नसलेले बैल

बैलांच्या नाकात वेसण नाही, हे आप्पांनी पन्नास पावलांवरून हेरलं. मी तोवर ओंडक्यांच्या घरातून निघणारा धूर आणि मुलांच्या मळलेल्या पँटी यांतच अडकले होते. आप्पा लाकडी कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. उन्हाला कपाळावर हात धरला आणि म्हणाले, "ताई, कासरा बी न्हाई. ही जनावरं नुसत्या तोंडानं चालत्यात का गं?"

चालतात. आयोवाची राजधानी डे मॉईनला लागूनच अर्बनडेल आहे, तिथल्या 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स'मध्ये चालतात. आई-आप्पा बार्शीहून आमच्याकडे शिकागोजवळ आले होते. इमारती बघून दोघंही तिसऱ्या दिवशी कंटाळले. मग सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी पाच तास गाडी हाणून इथे आलो. वाटेत मिसिसिपी ओलांडली तेव्हा आप्पा झोपले होते. नदीनंतर दोन्ही बाजूंना फक्त वाळलेला मका सुरू झाला, तेव्हा उठले आणि पुढे झोपले नाहीत.

विल्यम मरे नावाच्या शेती-अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पुढाकारानं 1970 मध्ये ही जागा उभी राहिली. एकाच रानात तीन काळांची शेतं आहेत : 1700 सालचं आयोवे या मूळ रहिवाशांचं, 1850 सालचं नव्यानं आलेल्या गोऱ्या कुटुंबाचं आणि 1900 सालचं घोड्यांवर चालणारं. शिवाय 1876 सालचं एक गाव आहे. लोहार, छापखाना, किराणा दुकान वगैरे. गाव मुलांना आवडलं. मला ते सिनेमाच्या सेटसारखं वाटलं, म्हणून त्याबद्दल एवढंच. शेतांचं तसं नाही. तिथे त्या त्या काळाचे कपडे घातलेली माणसं दिवसभर खरं काम करत असतात. पेरलेलं उगवतं, उगवलेलं काढलं जातं, चुलीवर शिजतं. मधूनमधून तुमच्याशी बोलतात, पण हात थांबत नाहीत.

तर 1850 च्या शेतावरचे बैल. दोघे तांबूस, जाड मानेचे. पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढे टेकतं, दोन बाजूंना शिवळा आणि गळ्याखालून जुपणी. वशिंडच नसेल तर जू अडणार कशाला, हा आप्पांचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर बैलांच्या गळ्यातच होतं. जू म्हणजे एक जाड तुळई, खालून मानेच्या आकारात कोरलेली. हिकरी नावाच्या चिवट लाकडाची काठी वाफेवर वाकवून तिची कमान करतात, ती बैलाच्या गळ्याखालून वर जुवाच्या भोकांत घालतात आणि वरून खुंटी मारतात. सगळा जोर मानेवर आणि खांद्यांवर. आप्पांनी लांबूनच हवेत बोटांनी ती कमान दोनदा काढून पाहिली.

हाकणारी होती विशी-बाविशीची पोरगी. घोळदार झगा, डोक्याला कापडी टोपी, हातात एक पातळ काठी. ती मागे नव्हती. डाव्या बैलाच्या खांद्याशी चालत होती. नांगराची मूठ दुसऱ्याच माणसाच्या हातात. आपल्याकडे मूठ आणि कासरा एकाच माणसाच्या हातात असतो, त्यामुळे ही दोन माणसं आप्पांना उधळपट्टी वाटली. पोरगी 'जी' म्हणाली की जोडी उजवीकडे, 'हॉ' म्हणाली की डावीकडे. काठी मारायला नव्हती, नुसती दिशा दाखवायला. वासरं असल्यापासून रोज जुंपून हे शब्द कानात भरवावे लागतात, असं ती म्हणाली. वळताना उजवा बैल लांबून फिरतो, डावा जवळजवळ जागच्या जागी पाय टाकतो. ते इतकं मऊ झालं की आप्पांच्या तोंडून "वा रं माज्या राजा" निघून गेलं. पुढे त्यांनी सवयीनं "होsss" केलं आणि जोडी थांबली. थांबवायचा इंग्रजी शब्द 'व्हो' आहे. पोरगी हसली. आप्पा दिवसभर त्यावर खूश होते.

तास पाहायला आम्ही खाली बसलो. माती काळी, आप्पांनी मुठीत दाबली तर लाडू झाला. "आपलीच काळी की." इथली कहाणीही आपल्यासारखीच आहे. पूर्वेकडच्या हलक्या जमिनीत चालणारे ओतीव लोखंडाचे नांगर घेऊन लोक या गवताळ रानात आले, तर ही चिकट काळी फाळाला धरून बसायची. चार पावलं गेलं की थांबायचं आणि लाकडी फळीनं खरवडायचं. 1837 मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर इथे जॉन डियर या लोहारानं करवतीच्या मोडक्या पात्याचं पोलाद घासूनपुसून नांगराला लावलं. त्याच्यावरून माती घसरून जायला लागली. सकाळी ज्या मोलीन गावाजवळून आम्ही नदी ओलांडली, तिथे त्याच्या कंपनीचं मुख्यालय आजही आहे. हिरवे ट्रॅक्टर आता बार्शीच्या बाजारातही दिसतात.

त्याआधीची एक गोष्ट मी आप्पांना सांगितली. अमेरिकेत 1797 मध्ये चार्ल्स न्यूबोल्डनं ओतीव लोखंडाचा नांगर केला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो नाकारला; लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं अशी त्यांची समजूत होती. आप्पा लगेच म्हणाले, "मग किर्लोस्करांचं येगळं काय झालं?" खरंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा आपल्याकडेही हेच बोललं गेलं आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. शंभर वर्षांचं अंतर, मधे समुद्र, आणि भीती शब्दाला शब्द तीच. अडाणीपणा म्हणून यावर हसणं सोपं आहे. ज्याच्याकडे एकच जमीन असते, तो तिच्यात नवं काही घालताना भिणारच.

आई मात्र 1700 सालात रमली होती. आयोवे लोकांत शेती बायकांची. मका, वेल चढवायला त्याच्यातच घेवडा, खाली भोपळा. कुदळ म्हणून काठीला बांधलेलं गव्याच्या खांद्याचं हाड. झाडाच्या सालींनी शाकारलेल्या झोपडीबाहेर ओंडका कोरून केलेलं उखळ होतं आणि पुरुषभर उंचीचं मुसळ. आईनं विचारलंही नाही. पदर खोचला, मुसळ उचललं आणि पाच-सहा घाव घातले, हात बदलत. तिथल्या बाईनं आपलं सांगणं थांबवलं आणि बघत राहिली. पुढे 1850 च्या घरात मक्याची भाकरवजा रोटी जड बिडाच्या भांड्यात भाजत होती, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. "माझी आजी अशीच नानकटाई करायची," आई म्हणाली आणि मला ते त्या मुलीला इंग्रजीत सांगायला लावलं.

1900 च्या शेतावर आम्ही सगळ्यांत जास्त थांबलो, कारण तिथे काम मिळालं. मका काढणी. वाळलेल्या ताटांच्या ओळीतून घोड्यांची गाडी पुढे सरकते. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी असते. उजव्या तळहाताला चामड्याच्या पट्ट्यानं एक लोखंडी आकडा बांधायचा. डाव्या हातानं कणीस धरायचं, आकड्यानं वरचा पाला फाडायचा, मनगट फिरवून कणीस देठातून मोडायचं आणि न बघता गाडीकडे भिरकवायचं. ते फळीवर आपटतं आणि आत पडतं. ठक्क. पुढचं कणीस हातात येईपर्यंत मागचं वाजलं पाहिजे. घोड्यांना कोणी धरलेलं नसतं. हाक दिली की ते चार पावलं सरकतात. या कामात इथे इतकी चढाओढ असे की हेन्री वॉलेस यांनी 1920 च्या दशकात आयोवात मका सोलण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. हे वॉलेस पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. लहानपणी आयोवातल्याच एम्समध्ये ज्याचं बोट धरून ते झाडं ओळखायला शिकले, तो कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आईनं तीनदा वाचलंय. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एम्सच्या विद्यापीठातला त्याचा पुतळाही बघून आलो.

माझी पहिली दहा कणसं पाल्यासकट गेली. नवऱ्याची फळीवरून पलीकडे. आप्पांनी पहिली दोन बिघडवली, तिसरं जमलं, आणि मग वीसेक मिनिटं ते कोणाशी बोलले नाहीत. ठक्क, ठक्क. जोंधळा उपटून, पेंढ्या बांधून, मग बसून कणसं मोडणारा हा माणूस. उभ्या पिकातून कणीस काढणं त्यांना आधी चोरीसारखं वाटलं, असं नंतर म्हणाले.

कोठारात एक पेरणीयंत्र होतं. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणायची, तिला सुमारे 40 इंचांवर गाठी. यंत्र तारेवरून जाताना प्रत्येक गाठीला खटका बसतो आणि दाणे पडतात. त्यामुळे ओळी उभ्याही जुळतात आणि आडव्याही, कोळपणी दोन्हीकडून. "म्हंजे फुलीवर पेरलं की!" आप्पा म्हणाले. मग त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या माणसाला, माझ्यामार्फत, आपली तिफण समजावून सांगितली : तीन फण, तीन नळ्या, वर चाडं, आणि चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांतून सुटणारं बी. तार नाही, गाठ नाही, सगळा हिशेब बोटांत. म्हाताऱ्यानं विचारलं, किती दिवसांत येतं? आप्पा म्हणाले, "माज्या आईला येत हुतं. मला कदी आलं न्हाई."

परतताना एका शेतात कम्बाइन चालू होतं. आम्ही वीस मिनिटांत जेवढी कणसं काढली, तेवढी त्यानं डोळ्यांदेखत गिळली आणि दाणे वेगळे करून दिले. "एवढा मका खातंय कोण?" बराचसा इथेनॉलच्या कारखान्यात जातो, बराचसा डुकरांना, आयोवात माणशी सात-एक डुकरं आहेत. माणसाच्या ताटात यातलं फार थोडं थेट येतं. आप्पांनी खिडकीची काच खाली केली, थोडा वेळ भुसा अंगावर घेतला आणि काच वर केली.

घरची तिफण कुठे आहे, असं मी रात्री विचारलं. ती त्यांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी विकली. सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या भिंतीवर ती टांगलेली आहे, खाली दिव्यांची माळ. चाडं नाही.