काळ्या मातीतून निसटलेला नायट्रेट

नागपूर-हैदराबाद महामार्गाने आदिलाबाद मागे टाकलं की गुडीहत्नूर येतं. दोन्ही अंगांना कपाशी, काळी भारी जमीन, खाली मुरूम आणि बेसाल्ट. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या. किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. माती मात्र पैनगंगेच्या अल्याड-पल्याड एकच.

ही माती काय धरते आणि काय सोडते, याचं उत्तर 1850 सालीच मिळू लागलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी मातीच्या थरातून अमोनियाचे क्षार असलेलं पाणी सोडलं. अमोनिया वरच अडकला, खालून कॅल्शियम बाहेर आलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो; धन भाराचा अमोनियम त्याला चिकटतो, ऋण भाराचा नायट्रेट पाण्याबरोबर निसटतो.

हरितक्रांतीनंतर युरियाची गोणी बांधावर आली. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि या पट्ट्यात कापूस आणखी पसरला. युरियाचा आधी अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. पिकाने उचलला नाही तर तो खाली जायला मोकळा.

भारी जमिनीतून पाणी झिरपत नाही, हा समज अर्धाच खरा. भिजलेली काळी माती फुगून वाट बंद करते, पण वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस मातीचा थर ओलांडून या भेगांतून थेट खाली उतरतो, मागच्या हंगामाचा उरलेला नायट्रेट आणि उकिरड्याचं पाणी घेऊन. बरड रानात तर मुरूम हातभरावरच असतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार, नायट्रेटची लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारं पाणी 2017 मध्ये देशातल्या 359 जिल्ह्यांत आढळलं होतं, 2023 मध्ये 440 जिल्ह्यांत. सर्वाधिक चिंतेच्या 15 जिल्ह्यांत आदिलाबाद आहे; शेजारचे नांदेड आणि यवतमाळही आहेत.

युरिया एकदम न फेकता पिकाच्या वाढीप्रमाणे विभागून द्यावा, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब ठेवावा. आणि घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल, तर त्या दुधात मिसळायचं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आधी नायट्रेटसाठी तपासून घ्यावं. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.