नकाराची वदंता

एप्रिलच्या रखरखीत उन्हात परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर अशा आमच्या जिल्ह्यातील गावांतून भीमजयंतीचे मंडप उभे राहू लागले आणि वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी कर्ण्यांवरून घुमू लागली, की सावलीला बसलेल्या मंडळींत एक जुना प्रवाद हटकून निघतो : लता मंगेशकरांनी बाबासाहेबांवरील गीत गाण्यास नकार दिला होता म्हणे. 6 फेब्रुवारी 2022 रोजी लताबाई निवर्तल्या, तेव्हाही शोकसंदेशांच्या बरोबरीने हा प्रवाद महाराष्ट्रभर फिरला, आणि ज्यांनी तो उच्चारला त्यांना कृतघ्न ठरविण्यापलीकडे त्याची तहकीक करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी अमलात असलेल्या या मुलखाच्या कचेरीभाषेत सांगावयाचे, तर ही फिर्याद दप्तरी दाखल होण्याजोगी नाही. गीत कोणाचे, चाल कोणाची, मागणी घेऊन गेले कोण आणि साल कोणते, यांपैकी एकाही कलमाची रुजवात होत नाही; सांगणारा दुसऱ्याचा हवाला देतो आणि दुसरा तिसऱ्याचा. नकार देणे लताबाईंच्या स्वभावात नव्हते असे मात्र मुळीच नव्हे. रॉयल्टीच्या प्रश्नावरून साठीच्या दशकात महंमद रफींबरोबर त्या काही वर्षे गायल्या नाहीत, सचिनदेव बर्मन यांच्याशी त्यांचा दीर्घ अबोला होता, आणि शब्द अश्लील वाटले तर गाणे परत करण्याचा त्यांचा परिपाठ सर्वश्रुत होता. परंतु या साऱ्या नकारांना पक्षकार आहेत, प्रसंग आहे, उभयपक्षी कैफियत आहे. शिवाय ओ. पी. नय्यर यांच्यासाठी लताबाई एकही गाणे गायल्या नाहीत, एवढ्या एका अभावावरून किती आख्यायिका प्रसवल्या हे ज्यास ठाऊक आहे, तो केवळ अनुपस्थितीला पुरावा मानणार नाही.

बचावाच्या बाजूने मांडला जाणारा एक युक्तिवाद मला तितकाच लंगडा वाटतो. लताबाईंचे वडील दीनानाथ यांच्या मातोश्री येसूबाई या गोव्यातील मंगेशीच्या देवस्थानाशी निगडित कलावंत समाजातल्या होत्या, म्हणून त्यांच्या नातीच्या मनात जातीचा दुजाभाव असणे शक्य नाही, असे काही जण म्हणतात. अवहेलना सोसलेल्या घराण्यातील माणूस दुसऱ्याची अवहेलना करीत नाही, हे खरे असते तर आपल्या समाजाचा इतिहास पुष्कळच निराळा झाला असता!

फिर्यादीच्या बाजूने मात्र एक मुद्दा वजनदार आहे. चित्रपटात गाणे निवडतो निर्माता आणि संगीतकार. पण खासगी ध्वनिमुद्रणात कलावंताची स्वतःची रुची प्रकटते, आणि तेथे लताबाईंनी ज्ञानेश्वर, तुकाराम, मीरा, गालिब यांच्यापासून 1974 च्या ‘शिवकल्याण राजा’पर्यंत मोठा पल्ला गाठला असता त्या प्रसिद्ध मुद्रणांच्या मालिकेत आंबेडकरांचे नाव आढळत नाही. याने दुजाभाव सिद्ध होत नाही. परंतु ज्या श्रोत्याने त्या स्वरावर आयुष्यभर जीव टाकला, त्याला ही उणीव बोचावी यात अस्वाभाविक काय आहे? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव होताच ज्या परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि ज्यांना ते नाव नामविस्ताराच्या रूपाने मिळण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, तेथील माणसाला मौनातही नकार ऐकू येतो.

लताबाई निवर्तल्या त्याच दिवशी शिवाजी पार्कवर, त्यांच्या पार्थिवासमोर, दुसरी एक वदंता जन्मास आली. शाहरुख खान याने हात पसरून दुवा मागितली आणि मुखपट्टी खाली करून फुंकर घातली. तो थुंकला, अशी हूल कोणीतरी उठविली. परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक जातात, आणि दुवा पुटपुटून लेकरावर फुंकर घालणे तेथे नित्याचेच. दर्ग्याच्या पायरीवर उभी राहिलेली कोणतीही म्हातारी या वदंतेचा फैसला निमिषात करती. चित्रफीत उपलब्ध असल्याने ती फोल ठरली. लताबाईंविषयीच्या प्रवादाला अशी चित्रफीत नाही, आणि म्हणून तो मरतही नाही, सिद्धही होत नाही.

मला खटकते ते निराळेच. एका गायिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, की बाकीचे सारे सुटतात. मराठी भावगीतांच्या आणि बोलपटांच्या व्यवसायात आंबेडकरांना स्थान किती होते, हा खरा सवाल आहे. 1956 साली बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शासकीय साहाय्याने जब्बार पटेल यांनी काढलेला चरित्रपट पडद्यावर आला 2000 साली, आणि तोही मुळात इंग्रजीत. वामनदादा मधल्या काळात गावोगाव फिरून, मिळेल त्या बिदागीवर, प्रसंगी तिच्याविनाही, गात राहिले. आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या तेव्हा प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज बाजारातून घराघरांत गेला, तो प्रतिष्ठित संगीतविश्वाच्या शिफारशीवाचून. ज्यांना खरोखर तहकीक करावयाची असेल त्यांनी पेडर रोडवरील लताबाईंच्या प्रभुकुंजाची पायरी चढण्याआधी ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या जुन्या याद्या काढाव्यात, आणि तेथे कोणत्या गीतकाराला किती वेळा बोलावणे गेले ते ओळीने वाचावे.