लोकल पकडणारा लहान मेंदू

बदलापूरला सकाळची सीएसएमटी लोकल फलाटात शिरते. गाडी पुरती थांबलेली नसते, तोच दारापाशी लगबग सुरू. पिशवी पोटाशी, एक हात दांड्याकडे, गाडीच्या वेगाशी जुळवलेली दोन पावलं, आणि माणूस आत. तेवढ्यात त्याच्या मनात चाललेलं असतं, घरून निघताना गॅस बंद केला का? अंगाला हे आपोआप जमतं, ते डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेल्या अनुमस्तिष्कामुळे.

शाळेत आपण त्याच्याविषयी 'शरीराचा तोल सांभाळतो' एवढंच पाठ केलं. हा त्याच्यावर अन्यायच आहे. मेंदूच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दहा टक्के. पण ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल यांच्या गटाने मेंदूची ऊती अक्षरशः विरघळवून पेशींची केंद्रकं मोजली. 2009 साली आलेला हिशेब असा: सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळपास 6,900 कोटी या लहान मेंदूत!

एवढ्या पेशी करतात काय? 'हात पुढे कर' असा हुकूम मोठ्या मेंदूतून, म्हणजे प्रमस्तिष्कातून सुटला की त्याची एक प्रत इथे येते. स्नायू, डोळे आणि आंतरकर्ण यांच्याकडून प्रत्यक्ष काय घडतंय याची खबरही येते. दोन्हींत फरक दिसला की अनुमस्तिष्क पुढची हालचाल सुधारतं. नवखा प्रवासी अडखळतो, जुना अडखळत नाही, त्यामागे अशा हजारो दुरुस्त्या असतात. मात्र त्या रोजच्या अनुभवावर बेतलेल्या असतात. पावसाने निसरडा झालेला फुटबोर्ड त्या अंदाजात बसत नाही. म्हणून पावसाळ्यात तरी गाडी थांबू द्या, हे मी कळकळीने सांगतो. 'ही सोडू, पुढची पकडू' असं ठरवायला कपाळामागचा अग्रखंड आहेच. श्वास आणि हृदयाचे ठोके मस्तिष्कपुच्छ सांभाळतं, गर्दी कितीही असो.

संध्याकाळी परतताना कल्याणच्या आधीच अर्धा डबा पेंगलेला असतो. झोपेत मेंदूच्या मध्यभागचा थॅलॅमस बाहेरचे बरेचसे आवाज अडवतो, सगळे नाही. 1960 साली इयान ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावं ऐकवली, तेव्हा इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांचा मेंदू जास्त प्रतिसाद देत होता. अर्थ असलेला आवाज झोपेतही निवडला जातो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर मागे पडल्यावर 'पुढील स्टेशन अंबरनाथ' ऐकून अंबरनाथकर दचकून उठतो आणि शेजारचा बदलापूरकर घोरत राहतो, ते बहुधा याच निवडीमुळे.