१५६ भोंगे आणि एक उघडे दार

७ एप्रिल २०१७. अमेरिकेतल्या डॅलस शहरात रात्री पावणेबाराच्या सुमारास सगळे भोंगे एकदम वाजू लागले. एक-दोन नव्हे, १५६! टेक्सासमध्ये हा आवाज म्हणजे टोर्नेडोचा इशारा. पण त्या रात्री वादळाचा मागमूसही नव्हता. भोंगे थांबत, पुन्हा सुरू होत. धास्तावलेल्या लोकांनी ९११ या आपत्कालीन क्रमांकाकडे धाव घेतली. काही तासांत तिथे ४,४०० हून अधिक फोन आले. अखेर दीडच्या आधी कर्मचाऱ्यांनी सगळी भोंगायंत्रणाच बंद केली, तेव्हा कुठे आवाज थांबला.

संगणकात कुणी शिरले नव्हते. भोंगे रेडिओवरून येणाऱ्या ठरावीक संकेतांवर वाजत, आणि तेच संकेत कुणीतरी बाहेरून पाठवले होते. पुढे शहराने ते कूटबद्ध केले. पण खरे नुकसान भोंग्यांचे नव्हतेच. त्या रात्री कुणाला हृदयविकाराचा झटका आला असेल, तर त्याच्या घरच्यांचा फोनही त्याच रांगेत अडकणार होता.

आपत्कालीन सेवेची अडचण इथेच आहे. अनोळखी क्रमांक तिला नाकारता येत नाहीत. अमेरिकेत तर सिमकार्ड नसलेल्या मोबाइलवरूनही ९११ लागावा असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्विटरवर फिरलेल्या एका लिंकने याचाच फायदा घेतला. लिंकवर बोट ठेवले की आयफोन आपोआप ९११ ला पुन्हा पुन्हा फोन लावू लागे. अॅरिझोनातल्या सरप्राइज शहराच्या पोलिसांकडे काही मिनिटांत असे शंभरावर फोन आले. फोन लावणाऱ्यांपैकी कुणालाही मदत नको होती.

अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहराची गोष्ट यापेक्षा साधी, म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारी आहे. तिथल्या ९११ केंद्रात फोन आला की त्याचे ठिकाण नकाशावर उमटे आणि जवळच्या गाडीला आपोआप निरोप जाई. या यंत्रणेतला एक बिघाड शोधताना तंत्रज्ञाने फायरवॉलमध्ये बदल केला आणि एक पोर्ट उघडे राहिले. जेमतेम एक दिवस! पण अशी उघडी दारे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २५ मार्च २०१८ च्या सकाळी खंडणीखोर सॉफ्टवेअर आत शिरले. यंत्रणा पूर्ववत व्हायला मध्यरात्र उलटून गेली. तोपर्यंत फोन उचलले जात होते, पण प्रत्येक माहिती माणसांनीच पुढे पोचवायची होती. सेवा थांबली नाही, याचे श्रेय त्या कर्मचाऱ्यांचे.

ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये तेच घडले. ‘एनएचएस १११’ या आरोग्य हेल्पलाइनला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या अॅडव्हान्स्ड कंपनीवर हल्ला झाला आणि फोन घेणाऱ्यांच्या हाती कागद-पेन आले. हल्लेखोर आत आले ते एका अशा खात्यातून, जिथे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणीच नव्हती. २०२५ मध्ये कंपनीला तीस लाख पौंडांहून अधिक दंड झाला.

वायरलेसवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘टेट्रा’ हे रेडिओ तंत्र अनेक देशांचे पोलीस वापरतात. त्याची कूटपद्धत वर्षानुवर्षे गुप्त ठेवली गेली. २०२३ मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिले, की तिच्या एका प्रकारात ८० बिटची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटचीच उरते. ती साध्या संगणकावरही काही मिनिटांत तुटते. गुप्ततेमुळे हा दोष बाहेरच्या तज्ज्ञांच्या नजरेआडच राहिला.

महाराष्ट्रात ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी नवी मुंबई आणि नागपूर अशी दोन केंद्रे आहेत, ही दूरदृष्टीच. एकावर संकट आले तर दुसऱ्याने भार उचलावा. मात्र दोन्ही केंद्रे एकाच जाळ्यात जोडलेली असली, तर खंडणीखोर सॉफ्टवेअरला शेकडो किलोमीटरचे अंतर अडवू शकत नाही. म्हणून कोणत्याही नियंत्रण कक्षात जाळ्यापासून तोडलेल्या बॅकअप प्रती हव्यात, देखभालीसाठी उघडलेले प्रत्येक पोर्ट त्याच दिवशी बंद झाल्याची दुसऱ्या माणसाकडून खातरजमा हवी, आणि संगणक बंद ठेवून कागदावर काम करण्याचा सरावही हवा. पावसाळा आणि गणेशोत्सव सुरू होण्याआधी, कक्षातल्या प्रत्येक पाळीने तो एकदा तरी करायला हवा.